आवाज काढणारे एकोमामा

एकोमामा माईक टेस्ट करताना कधी 'हॅलो' म्हणाले नाहीत. 'वन टू थ्री' तर नाहीच नाही. स्टेज बांधून झालं, स्पीकरचे बॉक्स रचून झाले, वायरी जमिनीला चिकटवून झाल्या की ते माईक हातात घ्यायचे, एकोचं, म्हणजे आवाज घुमवायचं, बटण अर्ध्यापेक्षा थोडं पुढे फिरवायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "कोण आहे?" समोरच्या बॉक्समधून उत्तर यायचं, "आहे... आहे... आहे..." मामा मान डोलवायचे आणि माईक खाली ठेवायचे. झालं टेस्टिंग. आम्ही हसलो की म्हणायचे, "हसा लेको. विचारणारा पण मीच आणि सांगणारा पण मीच. पण कोणीतरी 'आहे' म्हणतंय ना? बस झालं."

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्यापासून तिसरी. रेशनकार्डावर त्यांचं नाव काही वेगळंच होतं, पण ते फक्त रेशनवाल्याला आणि मतदार यादीला माहीत. बाकी सगळ्यांचे ते एकोमामा. धंदा साऊंडचा. चौदा एप्रिलची मिरवणूक असो, गणपती असो, कोणाची हळद असो, बँजो पार्टीसोबत बॉक्स आणि मशीन मामांचं. मामी गेली तेव्हा त्यांची मुलगी वैशू चौथीत होती. त्यानंतर त्या खोलीत बायकोच्या जागेवर, म्हणजे अगदी खाटेच्या शेजारी, एक एको मशीन आलं. जुन्या टेपरेकॉर्डरचे तीन सांगाडे जोडून मामांनी ते स्वतः बनवलेलं. आमची आई म्हणायची, "ह्या माणसाने दुसरं लग्न मशीनशी केलं." मामा दारातून ओरडायचे, "वहिनी, ही उलट उत्तर देते, पण माझंच देते!"

आता मूळ गोष्टीवर येते. वरच्या मजल्यावर एक काका बोटीवर होते. त्यांनी एकदा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिला आणि आत एक कॅसेट विसरले. ना कव्हर, ना नाव. मामांनी ती लावली. त्यात होता जगभर गाजलेला एक विलायती रॉक अल्बम. कोणता ते सांगत नाही, सांगितलं की रॉकवाले भांडायला येतात. पण तो रॉकवाल्यांनी वाजवलेला नव्हता. जमैकाच्या पद्धतीने, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमाने कोणीतरी तो रेगेमध्ये नव्याने वाजवला होता आणि मग त्याचा डब केला होता, तो काय प्रकार ते पुढे येईलच. मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की आपण आयुष्यभर जे बटण फिरवतोय, त्या बटणाला समुद्रापलीकडे कोणीतरी वाद्याचा मान दिलाय. ती कॅसेट त्यांनी काकांना परत दिलीच नाही. काकांनीही मागितली नाही, बिचारे पुन्हा बोटीवर गेले होते.

मी कॉलेजात गेल्यावर त्या अल्बमची खरी सीडी मिळवली आणि मोठ्या ऐटीत मामांना ऐकवली. चार गाणी त्यांनी ऐकून घेतली. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "चोरलं गं चोरलं! चाली उचलल्या आणि पोरं पळत सुटली. वरातीतल्या घोड्याच्या शेपटीला फटाका लावल्यासारखी. एवढी घाई कसली?" मी समजावलं, मामा, हे मूळ आहे, तुमची कॅसेट नंतरची. तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी चुकीचं शिकून आलेय. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गॅलरीत मला थांबवून विचारतात, "म्हणजे त्या लोकांनी दुसऱ्याचा आख्खा अल्बम घेतला आणि आपल्या चालीने चालवला? परवानगी वगैरे?"

"घेतली असेल हो."

"नसली घेतली तर जास्त बरं," मामा म्हणाले आणि स्वतःशीच हसत आत गेले.

रेगे या शब्दाने चाळीत जो घोळ घातला तो वेगळाच. आमच्या वडिलांना कित्येक दिवस वाटत होतं की रेगे हे कोणीतरी दादरकडचे मराठी गृहस्थ आहेत आणि मामांना ऑर्डरी देतात. "तुझे रेगे पैसे वेळेवर देतात का रे?" असं त्यांनी एकदा भर गॅलरीत विचारलं. मामाही मिश्कील. म्हणाले, "भाऊ, फार मोठा माणूस आहे. सावकाश बोलतो, पण पोटात बोलतो."

पोटात, हा मामांचा आवडता शब्द. कानात बोंडं घालून गाणी ऐकणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "कानाने बातम्या ऐकायच्या. गाणं बॉक्ससमोर उभं राहून पोटाने ऐकायचं," असं म्हणत ते मला मोठ्या बॉक्ससमोर उभं करायचे आणि बास सोडायचे. बरगड्या थरथरायच्या. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की भांडी पडली. मामा म्हणायचे, "बघ, भांड्यांना पण कळतंय."

रेगेची चाल त्यांनी बँजो पार्टीच्या पोरांना शिकवली ती त्यांच्या पद्धतीने. "एक, दोन, तीन, चार कोणी पण वाजवतो. आपण वाजवायचं मधल्या 'आणि'वर. एक आणि दोन आणि. गोरा एकवर पाय आपटतो, आपण 'आणि'वर बोट उचलायचं." पोरं आधी गडबडायची. ढोलकीवाला तर चिडून म्हणाला, "मामा, ह्यात आमचं वाजवणं ऐकू कुठे येतं?" मामा म्हणाले, "तू बंद केलंस की ऐकू येईल." आषाढात ऑर्डरी नसत. अशाच एका आषाढात मामांनी दुसरा एक नावाजलेला रॉक अल्बम घेतला आणि बँजो, ढोलकी, कीबोर्ड आणि उधार आणलेल्या बास गिटारवर, गॅलरीत वायरी पसरून, सगळाच्या सगळा रेगेमध्ये उतरवला. मग महिनाभर मशीनसमोर बसून त्याचा डब केला. एकच कॅसेट झाली. दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहून गेली.

डब म्हणजे काय, हे मी तिथेच शिकले. मला वाटायचं डबिंग. पुढे मी त्याच धंद्यात गेले, आज लोअर परळला एका स्टुडिओत परभाषेतल्या सिनेमांना मराठी आवाज चढवते. मामांना ते कधीच पटलं नाही. "तुझं डबिंग म्हणजे आवाज भरणं. डब म्हणजे आवाज काढणं," हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल. गाणाऱ्याचा आवाज काढायचा, बँजो काढायचा, बास आणि ढोलकी ठेवायची, आणि जे काढलं त्याची नुसती शेपटी एकोत सोडून द्यायची. "माणूस गेला तरी शेपटी राहिली पाहिजे. ऐकणाऱ्याला चुटपुट लागली पाहिजे." त्या कॅसेटमध्ये त्यांनी इतरांचे आवाज काढले आणि स्वतःचा मात्र घातला. जमैकाचे लोक म्हणे गाण्यावर बोलतात. मग मामाही बोलले. "जरा दमानं." "बाजूला व्हा, बास येतोय." "घे रे बँजो, आता घे. बस्स, दे परत." वैशू तेव्हा दहावीत होती, माझ्याहून चार वर्षांनी लहान. अभ्यास करताना तिला तीच कॅसेट लागायची. तिच्याशिवाय तिला प्रमेय पाठ होत नसे.

वैशू नर्स झाली, लग्न झालं, कॅनडाला गेली. मामांनी विमानतळावर एक टिपूस काढलं नाही. घरी येऊन बॉक्स लावला, माईक घेतला आणि विचारलं, "कोण आहे?" भर दुपारी आख्ख्या चाळीने ऐकलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. आईने मला ताट वाढून त्यांच्याकडे पाठवलं, तर म्हणाले, "ठेव. आणि तू पण बस जरा. दोन तरी आवाज होऊ देत खोलीत."

मग तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा जेवणाच्या सुट्टीत माझ्या स्टुडिओच्या खाली येऊन उभे. सत्तरी गाठलेली, गळ्याला मफलर, आवाज अगदी बसलेला, खरखरीत. मी म्हटलं, सर्दी का? म्हणाले, तसंच काहीतरी. प्लास्टिकच्या पिशवीतून ती कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "तायडे, ह्यातला आवाज काढून दे. वैशूला पाठवायचाय. आठ दिवसांत झालं तर बघ."

आठच दिवस का, हे मी विचारलं नाही. अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे, म्हणजे देव न मानणाऱ्या घरातली असूनही हेच म्हणते. मला भलताच आनंद झाला होता. म्हटलं, वा! मामा या वयात स्वतःच्या डबचा डब करायला निघाले, आता स्वतःलाही काढतायत! आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं होतं, गाण्यातून माणसाचा आवाज बाजूला काढून द्यायचं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मी मामांचा आवाज शोधून शोधून काढला. "जरा दमानं" गेलं. "बास येतोय" गेलं. मधली गाणी ऐकून पाहिली, सुरुवातीची खरखर ऐकायला वेळ कोणाला होता? बाहेरचं काम स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं नाही असा नियम, म्हणून काढलेला आवाज पुसून टाकला, गाणी तेवढी मोबाईलवर घेऊन बाकीचं सगळंही पुसलं. कॅसेट तर उतरवून झाल्याबरोबर डेकने खाल्ली. पट्टीच्या अशा चिंध्या झाल्या की सेलोटेप लावायला दोन टोकं सापडेनात. पण गाणी साफ उतरली होती. ती मी वैशूला पाठवली आणि खाली लिहिलं, पप्पांकडून.

मामांना ऐकवायला गेले तर खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, परळच्या हॉस्पिटलात आहेत, घशात गाठ आहे, उद्या ऑपरेशन. धावत गेले. मामा खाटेवर बसलेले, हातावर सुई. मी आधी त्यांना झापलं, सांगायला काय झालं होतं म्हणून. मग माझ्या मोबाईलची बोंडं त्यांच्या कानात घातली. पूर्ण अल्बम त्यांनी डोळे मिटून ऐकला. मी शाबासकीची वाट बघत स्टुलावर बसून राहिले. शेवटी बोंडं काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "साफ केलंस."

"मग!"

"सगळं साफ केलंस."

"तुमचीच शिष्या," मी म्हटलं. होय, अगदी हेच म्हटलं मी. आजही हे वाक्य आठवलं की भाजी चिरताना हात थांबतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामांचं स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

त्याच वर्षी चाळ रिकामी झाली आणि आम्ही सगळे पुनर्विकासात बांधलेल्या टॉवरमध्ये गेलो. मामांना सतरावा मजला मिळाला, आम्हाला नववा. चाळीत कोणी दारावर आलं की मामा आतूनच हाक द्यायचे, "कोण आहे?", आणि माणूस नाव सांगत सांगत आत यायचा. आता बेल वाजली की ते उठून थेट दार उघडायचे. विचारता येत नाही तर काय करणार? बरेचदा कुरियरवाला चुकून आलेला असायचा. मामा त्यालाही हाताने खूण करून पाणी विचारायचे. बॉक्स कोपऱ्यात एकावर एक, वर चादर टाकलेली. सोसायटीची नोटीस होती, घरात स्पीकर लावू नये. मी आठवड्यातून एकदा जायचे, मग पंधरा दिवसांतून एकदा. लिफ्टमध्ये नऊ आणि सतरामध्ये एका मिनिटाचंसुद्धा अंतर नाही. तरी नाही गेले, हे कबूल करते.

रविवारी सकाळी वैशूचा फोन यायचा. ती बोलायची, मामा नखाने फोनवर टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. हसायचं असलं की 'आणि'वर वाजवायचे. एकदा मी समोर बसले होते. तिकडून नातू काहीतरी बोबडं बोलला आणि मामा कितीतरी वेळ त्या 'आणि'वर वाजवत राहिले. फोन ठेवल्यावरही बोट थांबलं नाही. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

आणि मग एक दिवस वैशूने मला फोन केला. "ताई, रागावू नकोस, पण कधीपासून विचारायचं होतं. तू पाठवलंस त्यात पप्पांचा आवाज कुठे आहे?"

"काढला ना. त्यांनीच सांगितलं होतं."

ती म्हणाली, "ते मला म्हणाले होते, वैशू, माझा आवाज जाणार आहे. तायडीकडून टेपमधला आवाज काढून घेतोय तुझ्यासाठी. पोराला ऐकव."

विहिरीतून पाणी काढतात तसा तो काढायचा होता, आणि मी पायातला काटा काढावा तसा काढला. शब्द एकच. शंभर वेळा त्यांनीच शिकवलेला.

मी आठ मजले जिन्याने चढून गेले, लिफ्टची वाट बघवली नाही. मामांनी दार उघडलं. मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. "बोलला का नाहीत हो? हॉस्पिटलात तरी बोलायचंत. शिव्या द्यायच्यात मला." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, वही ओढली आणि लिहिलं, "तेव्हा सांगून काय झालं असतं? रडली असतीस आणि माझं प्रेशर वाढवलं असतंस." मग खाली आणखी एक ओळ लिहिली. "शिष्या बरोबर. मास्तर चुकला. 'काढ' म्हणालो, 'राख' म्हणायला हवं होतं." त्यानंतर उठून त्यांनी मला चहा करून दिला. त्या विषयावर पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून रोज सतराव्या मजल्यावर जायला लागले. उशीर झाला होता, पण गेले.

मागच्या थंडीत मामा झोपेतच गेले. वैशू आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ठेवला. भाड्याचा साऊंड आणायचं नाव कोणी काढलं नाही. ढोलकीवाला आणि बँजोवाला, दोघांचेही केस पिकलेले, सतराव्या मजल्यावरून मामांचे बॉक्स उतरवून घेऊन आले. सकाळी वायरी मी जोडल्या. हॉलमध्ये आम्ही चौघंच होतो, वैशू तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घालत होती. बॉक्स चालतायत का बघायला काहीतरी वाजवायला हवं होतं, म्हणून मी मोबाईल जोडला आणि तोच अल्बम लावला. आवाज मामा ठेवायचे तेवढा ठेवला, अर्ध्यापेक्षा थोडा पुढे.

पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी दहा-बारा सेकंद नुसती खरखर आहे. मोबाईलवर ती खरखरच वाटते. मामांच्या बॉक्समधून ती आली आणि तिच्या आतून, खोलवरून, कोणीतरी म्हणालं, "आहे... आहे... आहे..."

रेकॉर्डिंगच्या आधी मामांनी माईक टेस्ट केला होता. करणारच. मी त्यातला प्रश्न न ऐकताच काढला होता. त्याची शेपटी सॉफ्टवेअरला माणसाचा आवाज वाटलीच नव्हती, ती त्याने संगीत समजून सोडून दिली होती. मामांना हे हॉस्पिटलात बोंडांतून ऐकू आलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढे टॉवरमध्ये बॉक्स लावायची सोय नव्हती. म्हणजे बहुतेक नाहीच.

वैशूच्या हातातला हार तसाच राहिला. ढोलकीवाल्याने बॉक्सवर तळहात टेकवला. मी गाणं थांबवलं. मग वैशू हळूहळू चालत आली, मी टेबलावर ठेवलेला माईक तिने उचलला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला कळलं. मी गाणं पुन्हा सुरुवातीला आणून ठेवलं.

"कोण आहे?" वैशूने विचारलं.

मी बटण दाबलं.